देव सांगतोय ते वेडेपणाचं वाटतंय? मग ते पाळायचं कसं

विश्वासात असताना कधी ना कधी अशी वेळ येतेच की बायबलचं वचन एकीकडे आणि घरच्यांचं, ऑफिसचं, आपल्याच डोक्यातलं गणित दुसरीकडे, आणि दोघांचा मेळ काही बसत नाही. साहेब म्हणतात या बिलावर मागची तारीख टाक, सगळेच टाकतात, आणि तुम्हाला आतून पक्कं कळतंय की आपण नाही टाकायची. आईच्या खोलीवरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे आणि नेमकं नाताळच्या आधी उपासनेत वचन येतं की आधी जा, भावाशी समेट कर, मग अर्पण घेऊन ये. किंवा घराचा हप्ता चालू आहे, महिन्याची पंचवीस तारीख, खात्यात जेमतेम पैसे, आणि मनात सारखं येतंय की शेजारच्या वहिनींच्या पोराची फी आपण भरावी. बाहेरून बघणारा म्हणणार हिचं डोकं फिरलंय, आणि त्याचंही फार चुकत नसतं म्हणा.

अशा वेळी काय करायचं ते माझ्या समजुतीप्रमाणे लिहितेय. मी काही पाळकबाई नाही, अकाउंट्समध्ये काम करते आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायकांचा शास्त्राभ्यास घेते एवढंच. पण हा प्रश्न तिथे इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

माझं म्हणणं एकच आहे, आज्ञा वेडी वाटू शकते पण ती पाळायची पद्धत वेडी नसते. नोहाचंच बघा ना, पावसाचा पत्ता नाही आणि हा माणूस तारू बांधतोय, लोकांनी काय काय म्हटलं असेल, पण देवाने त्याला नुसतं "बांध" म्हणून सोडलं नाही, लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात, तीन मजले, आतून-बाहेरून डांबर, दार कुठल्या बाजूला ते पण सांगितलं, आणि नोहाने ते तसंच मापात बांधलं. आपल्याकडे उलटं होतं, आज्ञा साधी असते आणि आपण ती पाळताना इतका गोंधळ घालतो की शेवटी लोक देवालाच नावं ठेवतात.

आधी बघा, हे लिहिलेलं आहे की वाटलेलं आहे

यात दोन भाग पाडा. एक, जे शास्त्रात आधीच लिहिलंय, खोटं बोलू नको, क्षमा कर, गरिबाला दे, मजुराचा पगार अडकवू नको. याच्यासाठी वेगळी खूण मागायची गरज नाही, उपवास-प्रार्थना करून "प्रभू, मी हे खोटं बिल करू की नको ते दाखव" असं विचारणं म्हणजे वेळ काढणं आहे, सरळ सांगते. उत्तर आपल्याला माहीत असतं, ते आवडत नसतं म्हणून आपण परत परत विचारतो.

दुसरा भाग म्हणजे जे आपल्याला वाटतंय, ही नोकरी सोड, या गावाला जा, या माणसाशी लग्न कर. इथे थांबायचं, आणि थांबण्यात अविश्वास काही नाही. यिर्मयाचं उदाहरण मी नेहमी देते, म्हणजे यिर्मया ३२ अध्याय. देवाने त्याला सांगितलं की तुझा चुलतभाऊ हनामेल येईल आणि म्हणेल अनाथोथचं माझं शेत विकत घे. मग हनामेल खरंच आला, तेच बोलला, आणि यिर्मया काय लिहितो, की *तेव्हा* मला कळलं की हे परमेश्वराचं वचन होतं. अहो, तो संदेष्टा होता, आयुष्यभर देवाचा शब्द सांगत आलेला, आणि त्यालाही हनामेल दारात येईपर्यंत शंभर टक्के खात्री नव्हती! मग आपण शनिवारच्या प्रार्थना सभेत एक विचार मनात आला की सोमवारी राजीनामा द्यायचा, एवढी घाई कशाला?

आता गिदोन म्हणाल तर हो, त्याने लोकर ठेवून दोनदा खूण मागितली, एकदा लोकर ओली जमीन कोरडी, दुसऱ्यांदा उलटं. पण त्याला लढायला जायची आज्ञा आधीच मिळाली होती हो, तो घाबरला होता म्हणून मागत होता आणि देवाने ते सोसलं. ती काही पद्धत म्हणून शिकवलेली नाही. आमच्याकडे एक मुलगा म्हणे, उद्या ८:१२ ची लोकल लेट आली तर समजेन की देवाला हो म्हणायचंय. म्हटलं बाळा, सेंट्रल लाइनवर या हिशोबाने देव रोजच हो म्हणतोय.

"देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलं" असं कोणी म्हणालं तर

यावर जरा जास्त लिहिते कारण नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं.

पहिले राजे १३ वाचा, पूर्ण वाचा, फार लोक हा अध्याय वाचत नाहीत. यहूदातून एक देवाचा माणूस बेथेलला येतो, यराबाम राजाच्या तोंडावर त्याच्या वेदीविरुद्ध बोलतो. त्याला देवाची आज्ञा असते की इथे भाकरी खायची नाही, पाणी प्यायचं नाही, आलास त्या वाटेने परत जायचं नाही. राजा म्हणतो घरी चल, जेव, बक्षीस देतो, हा म्हणतो तुझं अर्धं घर दिलंस तरी नाही. बघा, राजाला नाही म्हणाला! मग वाटेत एक म्हातारा संदेष्टा गाठतो आणि म्हणतो मी पण तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, मला देवदूताने सांगितलंय तुला घरी जेवायला आण. शास्त्र तिथल्या तिथे लिहितं की तो खोटं बोलला. आणि हा बिचारा गेला, जेवला, आणि परत जाताना सिंहाने त्याला मारलं.

मला ही गोष्ट फार कठोर वाटते, अजूनही वाटते, म्हाताऱ्याला काहीच झालं नाही आणि फसलेला मेला. पण ती तिथे आहे आणि ती आपल्यासाठी आहे. राजाचा मोह त्याने ओळखला, पण आपल्याच माणसाचं, वयाने मोठ्या माणसाचं, "देवाने सांगितलंय" म्हणणाऱ्याचं त्याने तपासलं नाही.

म्हणून कोणी तुम्हाला येऊन म्हणालं की प्रभूने मला दाखवलंय तू अमुक रक्कम दे, अमुक मुलीशी लग्न कर, अमुक गोळ्या बंद कर, तर रागवायचं नाही, वाद घालायचा नाही, नम्रपणे म्हणायचं "दादा, मी प्रार्थना करते आणि तुम्हाला कळवते". आणि त्या दिवशी जीपे उघडायचं नाही. खरंच देवाचं असेल तर आठवडाभराने पण देवाचंच असेल. समोरचा जर म्हणाला की आत्ताच, उशीर केलास तर आशीर्वाद जाईल, तर तिथेच उत्तर मिळालं समजा. उचलली जीभ लावली टाळ्याला असे लोक सगळीकडे असतात, मंडळीत नसतात असं कोणी सांगितलंय? पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलंच आहे, संदेशांचा धिक्कार करू नका पण सगळ्याची पारख करा. दोन्ही एकाच दमात.

सैतान पण वचनच वापरतो

मत्तय ४. मंदिराच्या टोकावर उभं करून येशूला म्हणतो उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना. आणि खरंच लिहिलंय, ९१ व्या स्तोत्रात. दिसायला किती मोठा विश्वास! पण येशू म्हणाला परमेश्वराची परीक्षा पाहू नको. म्हणजे वेडेपणाचं दिसतं म्हणून ते आज्ञापालन होत नाही. देवाच्या सांगण्यावरून यरीहो शहराचा तट पडावा म्हणून त्याभोवती फिरणं आणि टोकावरून उडी मारणं, दोन्ही बघणाऱ्याला सारखंच खुळं दिसतं. फरक कसा करायचा? मी दोन प्रश्न विचारते.

कोणी सांगितलंय, आणि याची किंमत कोण भरणार?

दुसरा प्रश्न लोकांना आवडत नाही पण तोच महत्त्वाचा आहे. माझ्या आज्ञापालनाची किंमत मी भरतेय की माझं लेकरू, माझी सासू, ज्याचे पैसे उसने घेतलेत तो दुकानदार? इफ्ताहाने देवाने न मागितलेला नवस केला, लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन म्हणून, आणि किंमत त्याच्या एकुलत्या एका मुलीने भरली. शास्त्र तो नवस देवाने मागितला असं कुठेही म्हणत नाही. कर्ज काढून दान देणं, त्यातलं आहे. पोराचं इन्सुलिन विश्वासाने बंद करणं, त्यातलंच आहे, आणि इथे मी चर्चा पण करत नाही, डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही, स्वतःची पण नाही आणि दुसऱ्याची तर मुळीच नाही. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाला देवाने आयुष्याची १५ वर्षं वाढवून दिली, तरी यशया संदेष्टा म्हणाला अंजिरांची चांदकी आणून गळवाला लावा. चमत्कार आणि लेप एकाच अध्यायात आहेत.

आपल्याच मराठी मंडळीचा इतिहास बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात ब्राह्मण घरातल्या माणसाने असं करणं म्हणजे समाजाच्या दृष्टीने मेल्यातच जमा. टिळकांच्या धैर्याबद्दल आपण नेहमी साक्ष देतो, उपासनेत त्यांची गीतं गातो, पण त्या दिवशी लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले, पुढे त्या परत आल्या आणि मग स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनी थांबायला हवं होतं असंही म्हणत नाही. एवढंच म्हणते की साक्ष देताना फक्त उडी घेणाऱ्याची देऊ नका, मागे राहिलेल्याची पण द्या.

आणि एक, क्षमा कर म्हणजे सही कर असं नाही. भावाला मनापासून माफ करा, नाताळला त्याच्या घरी करंज्या घेऊन जा, आधी तुम्ही फोन करा, हे सगळं देव मागतो. पण हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही हा वेगळा विषय आहे, तो वकिलाला दाखवून, घरात बोलून ठरवा. द्यायचं असेल तर समजून-उमजून द्या. पहिल्या भावनेच्या भरात सही आणि मग आयुष्यभर मनात कुढणं, याला काय आज्ञापालन म्हणायचं.

कागद नीट करा (यिर्मयाकडून शिका)

आता परत यिर्मयाकडे येते कारण मुंबईकराला त्याच्याइतका जवळचा संदेष्टा दुसरा नाही, प्रॉपर्टीचा व्यवहार आहे हो!

परिस्थिती बघा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय. यिर्मया स्वतः कैदेत, पहारेकऱ्यांच्या अंगणात. का कैदेत, तर तो सांगतोय की हे शहर पडणार म्हणून. म्हणजे बाजार कोसळणार हे सगळ्यात जास्त ज्याला माहितीय, ज्याने जाहीर सांगितलंय, त्यालाच देव म्हणतो शेत विकत घे. आपल्या चाळीत कोणी असं केलं असतं तर लोक पोट धरून हसले असते.

आणि तो कसं घेतो बघा. १७ शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून दिलं. खरेदीखत लिहिलं, सही केली, साक्षीदार बोलावले. एक प्रत शिक्का मारून बंद केलेली, एक उघडी, कायद्याप्रमाणे. दोन्ही त्याचा लेखनिक बारूख याच्या हातात सगळ्यांसमोर दिल्या आणि सांगितलं मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. एवढ्या वेड्या व्यवहाराचे एवढे शहाणे कागद! देवावर विश्वास आहे मग साक्षीदार कशाला, असं तो म्हणाला नाही. मडकं सुद्धा विचार करून निवडलं.

याला जोडून आमच्या मंडळीतल्या एका काकांचं सांगते, नाव नको. त्यांनी मुलुंडची वन रूम किचन विकायला काढली होती, रिटायर झाल्यावर गावी जायचं म्हणून. गिऱ्हाईक लगेच मिळालं, चांगला भाव, पण अट अशी की अॅग्रीमेंट रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, आसपास करायचं आणि वरचे पैसे रोख. घर विकताना २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला इन्कम टॅक्सच्या कायद्यात मनाई आहे, पण ते सोडा, काकांचं म्हणणं एवढंच की मी खोट्या किमतीवर सही करणार नाही, देवासमोर मला ते जमणार नाही. एजंट म्हणाला, "काका, अख्खी मुंबई असंच करते, तुम्ही काय हरिश्चंद्राचे अवतार आहात का?" काकू घरात गप्प, पण ती गप्प बसायची पद्धत तुम्हाला माहितीय.

काकांनी मग काय केलं ते बघण्यासारखं आहे. चिडले नाहीत, एजंटला प्रवचन दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच फोनवर सांगायला लागले की सगळे पैसे चेकने किंवा बँकेतून, मग पुढे बोलू. सीएकडे जाऊन टॅक्स किती बसेल, काय केलं की वाचतो, ते लिहून आणलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की होम लोन काढणाऱ्याला अॅग्रीमेंटमध्ये पूर्ण किंमत लागतेच, कारण बँक त्यावरच कर्ज देते, मग एजंटला सांगितलं मला लोनवालंच गिऱ्हाईक आण, रोखवालं आणूच नको. बरेच महिने गेले. शेवटी एका तरुण जोडप्याने घेतलं, पहिल्यापेक्षा कमी भावात. चमत्कार वगैरे काही झाला नाही, वरचे पैसे दुसरीकडून आले नाहीत, आणि काकू अजूनही तो पहिला भाव बोलून दाखवतात. पण काका शांत झोपतात हे पण त्याच सांगतात.

मी ही साक्ष मंडळीत सांगितली तेव्हा एक ताई म्हणाल्या, अगं पण आशीर्वाद कुठेय यात? आता काय सांगू. यिर्मयाला पण ते शेत कसायला मिळालं नाही, शहर पडल्यावर लोक त्याला मिसर देशात घेऊन गेले. वचन होतं की या देशात परत घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. त्याच्या नावावर होतील असं नव्हतं.

प्रत्यक्ष करायला घेताना

कागदावर एका ओळीत लिहा की आज नेमकं काय करायचंय. "देवावर भरवसा ठेवायचा" हे नाही चालणार, "उद्या सकाळी साहेबांना सांगायचं की मी ती तारीख टाकणार नाही" हे चालेल. लिहिता येत नसेल तर अजून आज्ञा कळलेली नाही, थांबा.

साहेबांशी बोलताना आवाज खाली ठेवा आणि दुसरा मार्ग घेऊन जा. "सर, मागची तारीख मी टाकू शकत नाही, पण आजच्या तारखेने बिल करून पार्टीला मी स्वतः फोन करून समजावते" असं म्हटलं तर निम्म्या वेळा साहेब ऐकतात. दानिएलाने पण राजाचं अन्न नाही म्हणताना कारभाऱ्याला दहा दिवसांचा पर्याय दिला होता, नुसतं तोंड वळवून बसला नव्हता. आणि नाही ऐकलं तर काय, याचा विचार आदल्या रात्री करा, घरात दोन-तीन महिन्यांचा खर्च निघेल का, सीव्ही तयार आहे का. लूक १४ मध्ये येशूच म्हणतो ना, बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करत नाही असा कोण आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्या आजीने सांगितलंय आणि प्रभूनेही.

मोठं काहीतरी करायची हौस असते ती सोडा. कोड झालेल्या नामान सेनापतीला अलीशा संदेष्ट्याने बरं होण्यासाठी फक्त यार्देन नदीत सात वेळा बुडी मार म्हणून निरोप पाठवला, स्वतः बाहेर पण आला नाही, तर नामान तणतणत निघाला, आमच्या दिमिष्काच्या नद्या याच्यापेक्षा बऱ्या नाहीत का म्हणे. त्याला अडलं होतं ते कठीण म्हणून नाही, फालतू वाटलं म्हणून. चाकरांनी समजावलं की काही मोठं सांगितलं असतं तर केलं असतंत ना. मला वाटतं आपल्या बहुतेक आज्ञा अशाच असतात, फोन कर, सॉरी म्हण, उरलेले सुट्टे पैसे परत दे, आजारी सासूचे पाय दाब. नोकरी सोडून मिशनरी व्हायला आपण एका पायावर तयार आणि जावेला आधी फोन करायला नाही.

आणि बोलू नका. यरीहोभोवती फिरताना यहोशवाने लोकांना सांगितलं होतं की मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, आणि तोंड बंद. आपल्याला स्टेटस टाकल्याशिवाय चैन पडत नाही, "प्रभूने मला नवीन मार्गावर बोलावलंय, प्रार्थना करा" आणि खाली शंभर हात जोडलेले इमोजी, मग महिन्याने माघार घ्यायची म्हटलं तरी लाजेने घेता येत नाही. दोनच माणसांना सांगा, एक जो तुमच्यावर प्रेम करतो आणि एक जो तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकतो. पाळक साहेबांना सांगणार असाल तर निर्णय झाल्यावर आशीर्वादाला जाऊ नका, आधी जा, विचारायला.

वेड पांघरून पेडगावला जाणारे पण असतात, ते स्वतःला ओळखा. ऑफिसात पटत नाही म्हणून नोकरी सोडायचीच होती, आणि नाव देवाचं. सोपी तपासणी आहे, देवाने उद्या म्हटलं की नको, तिथेच राहा, तर मला वाईट वाटेल का? खूप वाईट वाटणार असेल तर ती हाक बहुतेक माझीच आहे.

घरात

नवरा-बायकोचं एकमत नसेल तर काय, हा प्रश्न हमखास येतो. मी म्हणते, लिहिलेल्या आज्ञेत घरच्यांची परवानगी लागत नाही, खोटं बोलायचं नाही ते नाहीच. पण वाटलेल्या हाकेत थांबा. आमच्या एका जोडप्यात तो म्हणायचा मला सेवेत जायचंय, ती म्हणायची "अहो, तुम्हाला देवाने सांगितलं ते ठीक, मला पण सांगू दे ना, माझा नंबर आहे त्याच्याकडे". हसण्यावारी नेऊ नका, तिचं बरोबर होतं. तो दोन वर्षं थांबला, नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवार वस्तीत जायला लागला, आणि पुढे तीच म्हणाली की आता सोडा. अब्राहाम निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १००. देवाला घाई असती तर मधली पंचवीस वर्षं कशाला लागली असती.

पंडिता रमाबाईंचं पण बघा. मार्च १८८९ मध्ये त्यांनी इथे मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला गेलं. मग केडगावला जमीन घेतली, विहीर, फळबाग, असं शिस्तीत चाललेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो पोरी आणि विधवा आणल्या, तेव्हा एवढ्यांना खायला कुठून घालणार हा प्रश्न कोणालाही पडला असता. पण आणल्यावर नुसती प्रार्थना करत बसल्या नाहीत, विणकाम, शेती, छापखाना, प्रत्येकीच्या हाताला काम दिलं. प्रार्थना पण भरपूर केली हो, दोन्ही.

केल्यानंतर भीती वाटली तर

वाटणारच. यिर्मयाने कागद मडक्यात ठेवायला दिल्यावर लगेच प्रार्थना केली आहे आणि ती वाचा, सुरुवातीला तुला काही अशक्य नाही वगैरे सगळं छान, आणि शेवटी म्हणतो की बघ, मोर्चे लागलेत, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय, आणि तू मला म्हणतोस पैसे देऊन शेत घे! पाळून झाल्यावर तक्रार केली. हे चालतं. पाळायच्या आधी शंका संपायला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. पेत्र पण येशूला काय म्हणाला, गुरुजी, रात्रभर कष्ट केले, काही मिळालं नाही, तरी तुमच्या सांगण्यावरून जाळी टाकतो. त्याच्या आवाजात उत्साह असेल असं मला तरी वाटत नाही, रात्रपाळी करून आलेला माणूस तो. पण जाळी टाकली.

पेत्राला मासे त्याच सकाळी मिळाले. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला शेवटची भाकरी देणाऱ्या सारफथच्या विधवेला कधी पोतंभर पीठ मिळालं नाही, मडक्यातलं संपलं नाही एवढंच, रोज तळाशी तेवढंच. हातावर पोट असलेल्या माणसाला तिची गोष्ट जास्त कळते. आणि शद्रख, मेशख, अबेद्नगो तर भट्टीसमोर उभे राहून म्हणाले की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी, हे राजा, आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्या "नाही सोडवलं तरी"ची तयारी आधी करा. पैसे गेले तर, मैत्री तुटली तर, प्रमोशन राहिलं तर. ही तयारी केलेली माणसं नंतर कडवट होत नाहीत असं मी बघितलंय, आणि न केलेली माणसं मंडळी सोडून गेलेली पण बघितलीत.

आणि चुकीचं ऐकलंय असं लक्षात आलं तर

परत फिरा, लगेच. दावीद राजा मंदिर बांधायचं म्हणाला तेव्हा नाथान संदेष्ट्याने देवाला न विचारताच सांगून टाकलं की तुमच्या मनात आहे ते करा, परमेश्वर तुमच्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने सांगितलं की दावीदाने बांधायचं नाही. नाथानाने "मी तसं म्हटलंच नव्हतं" असं केलं नाही, की देवाने विचार बदलला असं सांगितलं नाही, जाऊन दावीदाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि शास्त्रात पुढेही नाथान संदेष्टाच राहतो. त्यामुळे नोकरी सोडलीत आणि सहा महिन्यांनी कळलं की हाक नव्हती, तर रेझ्युमे काढा, जुन्या ओळखींना फोन लावा, ज्या दोघांना आधी सांगितलं होतं त्यांनाही हे सांगा. ज्यांचे पैसे घेतले असतील त्यांचा हिशोब वहीत लिहा आणि पहिल्या पगारापासून फेडायला लागा.